तुम्ही विचारलंत म्हणून : आयरिश डोळा आणि वेदांतला सूर्य

मी तौलनिक भाषाशास्त्र शिकवतो हे कळल्यावर पुष्कळ जण एकच प्रश्न विचारतात. आयरिश भाषेत डोळ्याला ‘सूल’ म्हणतात आणि तो आपला ‘सूर्य’च आहे, हे खरे का? आणि खरे असेल, तर आयरिश भाषा संस्कृतातून निघाली असे म्हणायला काय हरकत आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक अभ्यासकांप्रमाणे मीही ‘हो’ असेच देतो, आणि दुसऱ्याचे स्वच्छ ‘नाही’ असे. पण विचारणाऱ्याचे समाधान पहिल्या उत्तरावरच होते आणि दुसरे ऐकण्याआधीच विषय बदलतो, म्हणून दोन्ही एकदा लिहून ठेवतो.

आयर्लंडची आयरिश, स्कॉटलंडची गेलिक आणि आइल ऑफ मॅन या बेटावरची मँक्स या तिन्ही गेलिक भाषांत डोळ्याला थोड्याफार फरकाने ‘सूल’ असेच म्हणतात. या शब्दाचे मूळ सूर्यवाचक आहे. संस्कृतातले ‘स्वर्’ आणि ‘सूर्य’, लॅटिनमधला ‘सोल’, ग्रीकमधला ‘हेलिओस’ हे त्याचेच भाऊबंद; भारत-इराणी शाखेत मूळच्या ‘ल’चा ‘र’ झाला म्हणून आपल्याकडे ‘सूर्य’ असे रूप दिसते. वेल्श भाषेत हाच शब्द ‘हाइल’ असा आहे आणि तिथे त्याचा अर्थ आजही सूर्यच आहे. वेल्शमध्ये शब्दारंभीचा ‘स’ पुष्कळदा ‘ह’ होतो : मिठाला आयरिश ‘सालन’ म्हणते, तर वेल्श ‘हालेन’. म्हणजे ध्वनींचा हिशोब जुळतो. प्रश्न अर्थाचा उरतो, की सूर्याचा डोळा झाला कसा?

इथे मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही. पुरुषसूक्तात ‘चक्षोः सूर्यो अजायत’, म्हणजे डोळ्यापासून सूर्य झाला, असे म्हटलेले आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले 115 वे सूक्त तर सुरूच होते ‘चित्रं देवानामुदगादनीकं चक्षुर्मित्रस्य वरुणस्याग्नेः’ असे : देवांचे तेजस्वी मुख, मित्र, वरुण आणि अग्नी यांचा डोळा, वर आला आहे, आणि त्याच ऋचेत पुढे सूर्याचे नावही येते. सूर्य म्हणजे आकाशाचा किंवा देवाचा डोळा, ही कल्पना इतक्या दूरवर पसरलेली होती की गेलिक भाषांच्या पूर्वजांनी तिचे एक टोक धरून सूर्याचे नावच डोळ्याला दिले असावे. मग सूर्यासाठी दुसरा शब्द लागला, तो ‘ग्रीअन’; त्याचे मूळ उष्णतावाचक मानतात, म्हणजे आपल्या ‘घर्म’ आणि ‘घाम’ यांच्या जवळचे.

मला मात्र या ऋचेतला ‘अनीक’ हा शब्द ‘सूर्य’हून अधिक मोलाचा वाटतो. डोळ्यासाठीचा खरा जुना शब्द निराळाच होता, ज्यातून संस्कृतात ‘अक्षि’ आणि लॅटिनमध्ये ‘ओकुलुस’ आले. आयरिशमध्ये तो डोळा या अर्थाने उरला नाही. पण ‘डोळ्यांची बाजू’ अशा अर्थाच्या एका जुन्या सामासिक शब्दात तो जिवंत राहिला : जुन्या आयरिशमध्ये ‘एनेख’ म्हणजे चेहरा, आणि संस्कृतात ‘अनीक’ म्हणजे मुख, दर्शनी बाजू, पुढे सैन्याची आघाडी. प्राचीन आयरिश कायद्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाच्या ‘चेहऱ्याची किंमत’ ठरलेली असे. तिला ‘लोग नेनेख’ म्हणत. कुणी त्याचा अपमान केला, त्याच्यावर अन्यायाने उपहासाचे काव्य रचले किंवा त्याच्या आश्रयाला असलेल्या माणसाला इजा केली, तर ही किंमत भरून द्यावी लागे. एका लहान राज्याच्या राजाची किंमत 7 ‘कुमल’ होती. ‘कुमल’ म्हणजे मूळ अर्थाने दासी. चलन नसलेल्या त्या समाजात ते मोजमापाचे एकक होते, हेही लपवण्यात अर्थ नाही. तोंड दाखवायला जागा उरली नाही असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही अब्रू चेहऱ्यावरच ठेवलेली असते. आयरिश न्यायशास्त्र्यांनी त्या चेहऱ्याचा दर लावला.

दुसरे उदाहरण दृष्टीचे. जुन्या आयरिशमध्ये डोळ्याला ‘देर्क’ असाही शब्द होता आणि तो आपल्या ‘दृश्’ धातूचा सख्खा नातलग आहे. आयरिश पुराणकथेतल्या बालोर नावाच्या राक्षसी योद्ध्याच्या एका उपनावात तो येतो. त्याच्या बापाचे मांत्रिक मंत्रांचा काढा उकळत असताना बालोरने खिडकीतून डोकावून पाहिले, वाफ डोळ्यात गेली आणि तो डोळा विषारी झाला. रणांगणाखेरीज तो उघडत नसे, आणि पापणी उचलायला 4 माणसे लागत. शेवटी लुग या वीराने गोफणीच्या दगडाने तो डोळा डोक्याच्या मागून बाहेर काढला, त्यामुळे त्याची नजर त्याच्याच सैन्यावर पडली. आपली ‘दृष्ट’ ज्या मुळातून आली, त्याच मुळाचा शब्द या बाधक डोळ्याला चिकटलेला आहे. आजच्या आयरिशमध्ये ‘मी पाहिले’ यासाठीचे ‘खोनिक’ हे क्रियापदही त्याच धातूचे आहे, पण नुसते ऐकून ते कुणाला ओळखू येणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. ‘सूल’ आणि ‘सूर्य’ यांचे साम्य कानाला लगेच पटते, म्हणून त्यावर गोष्टी रचल्या जातात. ‘खोनिक’ आणि ‘दृष्टी’ यांचे नाते कानाला पटत नाही. ते ध्वनिबदलांच्या नियमांनी, एकेक पायरी उतरून, सिद्ध करावे लागते. आयरिश संस्कृतातून निघाली असती, तर तिच्यात संस्कृतातले विशेष बदलही दिसले असते. पण सूर्याच्या शब्दातला मूळचा ‘ल’ तिने जपला आहे आणि संस्कृताने नाही, मग ‘सूर्य’पासून ‘सूल’ निघणार कसा? या दोघी एका हरवलेल्या आईच्या दूर गेलेल्या लेकी आहेत. कलकत्त्यात न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 साली केल्टिकचे, म्हणजे आयरिश, वेल्श वगैरे भाषांच्या गटाचे, मूळही संस्कृतशी एक असावे असे सावधपणे सुचवले होते, आणि जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बोप यांनी 1838 साली केल्टिक भाषांचे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या कुळातले स्थान दाखवून दिले.

भारताशी खरे नाते हवेच असेल, तर ते व्हिटली स्टोक्स यांचे आहे. डब्लिनमध्ये जन्मलेले हे कायदेपंडित 1862 साली मद्रासला आले, 1877 ते 1882 या काळात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचे कायदा सदस्य होते, आणि नोकरी सांभाळून जुन्या आयरिशचे संपादन करत राहिले. नवव्या-दहाव्या शतकातल्या कॉर्मकच्या नावावर असलेल्या शब्दकोशाची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती 1868 साली कलकत्त्यात छापली गेली. बालोरची वरची कथा असलेली संहिताही त्यांनीच 1891 साली इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली.

आता हौसेने आयरिश शिकणाऱ्यांसाठी एवढेच, की हा शब्द व्युत्पत्तीपेक्षा वापरात अधिक गोड आहे. ‘मला आशा आहे’ हे आयरिश माणूस ‘ता सूल अगम’ असे म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘माझ्यापाशी डोळा आहे’. वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्याला ते समजावून सांगावे लागत नाही. आयरिश दूरचित्रवाहिनी ‘टीजी चार’ हिचे ‘सूल एले’, म्हणजे ‘दुसरा डोळा’, हे घोषवाक्य याच शब्दावर उभे आहे. एका डोळ्याला मात्र ‘ल्याहूल’ म्हणतात, म्हणजे अर्धा डोळा, कारण जोडीने असणाऱ्या अवयवांत आयरिश जोडीलाच पूर्ण धरते. हात, पाय आणि कान यांनाही हाच नियम आहे.