सोऱ्या आला, पण कसा!

"सोऱ्या पोचला," एवढंच मी आईला फोनवर सांगितलं. मधली कथा गाळली. ती इथे लिहिते, कारण आई ब्लॉग वाचत नाही.

मी राहते त्या ग्रँड केमन या कॅरिबियन बेटावर पोस्टमन दारात येत नाही, पत्रं पोस्टातल्या बॉक्समध्ये. आईचं पार्सल कुरिअरनं आलं आणि सोडवायला मलाच जावं लागलं. आईनं सोऱ्याची किंमत इमानदारीत 1,800 रुपये लिहिलेली, कुरिअरचे 5,400. मला वाटलं, 1,800 वर काय ती जकात बसेल. पण इथे वस्तू, विमा आणि भाडं, तिन्हींची बेरीज करून त्यावर 22 टक्के. म्हणजे 7,200 वर 1,584 रुपये. जवळजवळ दुसरा सोऱ्याच! ज्या भाड्यानं आधीच कंबरडं मोडलं, त्याच्यावरही कर? मी तिथेच फोनमधला कॅल्क्युलेटर काढून दोनदा हिशेब केला. उत्तर बदललं नाही.

काउंटरवरच्या बाईंनी पितळी नळकांडं उलटंसुलटं करून पाहिलं. हे काय? मी हवेत बोटानं चकली काढून दाखवली. "पास्ता?" मागे रांग होती. मी मान डोलावली. याची लाज अजून वाटते.

घरी येऊन पुण्यात दादाला फोन केला. त्याला वर्षभर ऐकवत आलेय, की आमच्याकडे आयकर नाही, पगार जसाच्या तसा हातात. त्याचा एकच प्रश्न: "मग सरकार चालतं कशावर?" इतर गोष्टींबरोबर माझ्या गादीवर, मिक्सरवर, खुर्चीवर! बेटावर पिकतं थोडं, बनतं त्याहून थोडं. बाकी सगळं जहाजानं येतं आणि दुकानातल्या किमतीत जकात आधीच मुरलेली असते.

इथे एक आख्यायिका सांगतात. 1794 मध्ये ईस्ट एंडजवळच्या खडकांवर दहा जहाजं फुटली, बेटावरच्यांनी खलाशांना वाचवलं, म्हणून ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज यानं करमाफी दिली. पुरावा नाही, पण गोष्ट झकास. जकातीचं मात्र राजा विसरला असावा.

तरी खरं सांगू? मला हेच परवडतं. आयकर असता तर महिन्याला किती सोऱ्ये गेले असते! नाक्यावर ट्रकांच्या रांगा पाहत मोठी झालेली मी, जकातीला काय घाबरायचं? हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या माझ्या शेजारणीलाही तेच 22 टक्के लागतात, हे मात्र मी दादाला सांगितलं नाही.

आता आईला पुरणयंत्र पाठवायचंय. म्हटलं, नको, मी येईन तेव्हा बॅगेतून आणेन, ठरावीक रकमेपर्यंत सूट असते.

"मग सोऱ्याचीच एवढी काय घाई होती गं?"