खेळाडू ते प्रशिक्षक: आइस हॉकीतला माझा अनुभव

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर स्पर्धा खेळणं बंद झालं आणि क्लबने विचारलं, मुलांना शिकवणार का? बचावपटू म्हणून बरीच वर्षं खेळलो होतो, हो म्हणायला वेळ लागला नाही. मात्र खेळता येणं आणि शिकवता येणं यांत किती अंतर असतं, ते पुढे कळत गेलं.

प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने मिळतं. पहिल्या टप्प्यात डावपेच फारसे नव्हतेच. वयानुसार सराव कसा आखायचा, मुलांची सुरक्षितता आणि डोक्याला मार लागल्यावर काय करायचं, यावर भर होता. नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी पुन्हा बर्फावर पाठवायचं नाही. आमच्या वेळी डोकं झटकून पुन्हा उतरणाऱ्याचं कौतुक व्हायचं. संपूर्ण अभ्यासक्रमात मला हा नियम सगळ्यांत मोलाचा वाटतो.

मग आलं प्रत्यक्ष शिकवणं. उलटं स्केटिंग माझ्या पायांत इतकं मुरलं होतं की ते शब्दांत सांगताच येईना. म्हणून रिकाम्या रिंकवर एकटा उतरलो, अगदी सावकाश मागे सरकत राहिलो आणि काय काय घडतं ते वहीत लिहिलं: गुडघे वाकलेले, छाती वर, नजर समोर, स्केटच्या आतल्या कडेने बर्फावर अर्धवर्तुळ काढत जोर लावायचा. त्या नोंदी आजही वापरतो. बर्फावरचा वेळ मोजकाच मिळतो, त्यामुळे फळ्यावरचं समजावणं आता कपडे बदलायच्या खोलीतच उरकतो. रिंकचे भाग पाडून छोट्या जागेत छोटे सामने लावले की मुलं रांगेत ताटकळत नाहीत आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, प्रत्येकाच्या स्टिकला लागतो.

खरा कस लागला बेंचमागे. एक शिफ्ट, म्हणजे बदली होईपर्यंत बर्फावर सलग खेळायचा वेळ, साधारण 45 सेकंदांची. त्यापुढे पाय जड होतात, हे खेळाडू म्हणून स्वतःच्या श्वासावरून कळायचं. आता वीसेक जणांचा श्वास बाहेरून ओळखायचा होता. त्यातही सामन्याच्या तीन सत्रांपैकी दुसरं अवघड. बाजू बदललेल्या असतात, त्यामुळे आपला गोल आपल्या बेंचपासून लांब जातो. बचावपटू दमले आणि पक आपल्याच क्षेत्रात अडकला, तर त्यांना बदलायला जागाच मिळत नाही. तिथे दमलेल्या पायांनी तडफडणं मी भोगलेलं आहे. म्हणून दुसऱ्या सत्रात माझा आग्रह एकच असतो: आधी पक समोरच्यांच्या क्षेत्रात खोल टाका, मगच बदली. गोलरक्षकाशिवाय पाच जण खेळत असताना घाईत सहावा स्केटर बर्फावर आला तर दोन मिनिटांची पेनल्टी, म्हणजे तेवढा वेळ एक खेळाडू कमी, हे वेगळंच.

नजर बदलायला व्हिडिओची खूप मदत झाली. पकवरून नजर काढायची आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांनाच पाहायचं. पहिल्यांदा फार कंटाळा आला. नंतर दिसायला लागलं की गोल बसण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी आपली जागा सोडलेली असते.

या काळात खेळाडूचे प्रशिक्षक झालेल्या टो ब्लेक यांच्या कारकिर्दीने मला धीर दिला. 1948 मध्ये पाय मोडला आणि त्यांचा एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधला खेळ संपला. मधली वर्षं त्यांनी खालच्या लीगमध्ये संघ सांभाळण्यात घालवली. 1955 मध्ये एनएचएलमधल्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाची सूत्रं हाती आली आणि पुढच्या 13 हंगामांत त्यांनी आठ स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकले. स्कॉटी बोमन तर ज्युनियर हॉकीत डोक्याला दुखापत झाल्यामुळे एनएचएलमध्ये कधी खेळलेच नाहीत. मुख्य प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांच्या नावावर नऊ स्टॅनली कप आहेत. लोक त्यांचे चषक मोजतात. मला ब्लेक यांची ती मधली वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

आता मोठ्या वयोगटाचा संघ माझ्याकडे आहे. बचाव आणि पेनल्टीच्या वेळचा खेळ मी आत्मविश्वासाने शिकवतो. गोलरक्षण हा मात्र स्वतंत्र विषय आहे. पुढे सरकून कोन किती झाकायचा, गुडघ्यांवर कधी बसायचं, उसळलेला पक कुठल्या बाजूला ढकलायचा, हे बचावपटूला शेजारी उभं राहून जेमतेम अर्धंच कळतं. सध्या त्यासाठी वेगळे प्रशिक्षक येतात. हंगाम संपला की गोलरक्षण प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम मीही करणार आहे.