गावात फायबर आणायला काय काय करावं लागलं – माझा अनुभव

आमच्या गावात इंटरनेट नव्हतं असं नाही, कागदावर होतं, आणि सगळी भानगड तिथेच होती. कंपनीच्या नकाशात अख्खं गाव रंगवलेलं, म्हणजे कव्हर झालेलं, त्यामुळे कुणाकडे तक्रार घेऊन गेलं की तो नकाशा उघडून दाखवायचा आणि विषय संपायचा. हे सगळीकडेच चालतं म्हणा. अमेरिकेतसुद्धा 2022 मध्ये नवीन नकाशे येईपर्यंत एका सेन्सस ब्लॉकमधल्या (म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या छोट्या भागातल्या) एका घराला सेवा मिळत असली की पूर्ण ब्लॉक कव्हर धरला जायचा.

आमच्याकडे जुनी टेलिफोनची तांब्याची लाइन होती. डीएसएलचा, म्हणजे त्याच लाइनवरून येणाऱ्या इंटरनेटचा, स्पीड टेलिफोन एक्सचेंजपासून जितकं लांब जाल तितका पडतो, चार-पाच किलोमीटरवर तर नावालाच उरतो, आणि आम्ही नेमके तिथेच. आधी सह्या गोळा करून निवेदन दिलं, त्याचं "आपल्या मागणीची नोंद घेतली आहे" असं छान उत्तर आलं, बास.

मग ठरवलं की रडगाणं बंद, आकडे गोळा करायचे. प्रत्येक घरी स्पीड टेस्ट, पण वायफायवर नाही, लॅपटॉप राउटरला केबलने जोडून. वायफायवर टेस्ट केली की कंपनीवाले पहिलं वाक्य बोलतात, तुमचा राउटर खराब आहे. सकाळी, दुपारी आणि रात्री, डाउनलोड आणि अपलोड दोन्ही. अपलोडकडे कुणाचं लक्षच नसतं पण पोरांचा ऑनलाइन क्लास नाहीतर डॉक्टरचा व्हिडिओ कॉल अडकतो तो तिथेच. हे सगळं एका शीटमध्ये टाकून त्यांच्या नकाशाशेजारी ठेवलं तेव्हा पहिल्यांदा समोरचा माणूस गप्प बसला.

मध्येच तरुण मंडळींचं सुरू झालं की फायबरसाठी खोदकाम कशाला, सॅटेलाइट घेऊ. जुन्या प्रकारचा उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटरवर असतो, सिग्नल जाऊन उत्तर यायलाच अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातं, कॉलवर दोघं एकदमच बोलायला लागतात. खाली साडेपाचशे किलोमीटरवर फिरणारे नवे उपग्रह याबाबतीत बरेच चांगले, एकट्या घराला उत्तमच, पण तिथे एकाच भागात जेवढी घरं वाढतील तेवढी क्षमता वाटली जाते, म्हणून अख्ख्या गावासाठी फायबरच असं ठरलं.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं, गिऱ्हाईक किती ते दाखवा. "हवंय का?" विचारलं की सगळे हो म्हणतात, त्याला काही अर्थ नाही. आम्ही फॉर्ममध्ये विचारलं, किती वर्षांचा करार करणार, सही करा. आकडा धाडकन खाली आला पण जो उरला तो खरा होता, आणि शाळा आणि दवाखान्याने सही केल्यावर मागे राहिलेली घरंही आली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जमिनीच्या परवानग्यांनी. रस्त्याच्या कडेने नेलं तर लांब पडत होतं, शेतांमधून नेलं तर निम्म्यात काम. एक अप्पा अजिबात ऐकेनात, "उद्या माझा नांगर अडकला तर भरपाई तू देणार का?" प्रश्न बरोबरच होता, त्यात चिडण्यासारखं काही नाही. त्यांना आधी वाटत होतं की वायरीत करंट असतो, मग फायबरचा तुकडा हातात दिला, म्हणलं काच आहे ही, यातून फक्त उजेड जातो. त्यांना इंग्लंडमधल्या लँकेशायरचं पण सांगितलं, तिथे 2011 मध्ये गावकऱ्यांनी स्वतःची संस्था काढली, शेतकऱ्यांनी जमिनीतून फुकट वाट दिली, बऱ्याच ठिकाणी चर पण स्वतःच खोदले आणि घरोघरी 1 गिगाबिट नेलं. अप्पा म्हणाले, "ते त्यांचं झालं, माझं कागदावर लिही." मग लिहून दिलं: फायबरचा पाइप बांधाच्या कडेनेच जाईल, नांगराच्या खोलीच्या खाली, तुटला तर दुरुस्ती कंपनीची, आणि पुढे त्यांनी तिथे घर बांधलं तर पाइप हलवायचा खर्चही कंपनीचाच. शेवटच्या मुद्द्यावर कंपनीने बरीच खळखळ केली, पण त्याशिवाय अप्पांची सही होणार नव्हती, आणि अप्पांची झाल्यावर शेजारच्यांनी तोच कागद मागून घेतला.

खोदकामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ज्यांना करायचंय त्यांना एवढंच की चर बुजवायच्या आधी फोटो आणि लोकेशन घेऊन ठेवा, नंतर पाइप कुठून गेलाय हे कुणालाच आठवत नाही. आणि एका फायबरवर किती घरं टाकणार ते आधीच विचारा, जीपॉनमध्ये (एकच फायबर बऱ्याच घरांत वाटायची पद्धत) साधारण अडीच गिगाबिट असतं आणि ते 32 घरांत वाटलं तर चालतं, त्याच्या पुढे गेले की रात्री परत तेच रडगाणं. घरात जोडणी झाली की टेक्निशियनला सिग्नलचं रीडिंग विचारा, मायनस 27 dBm (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) च्या जवळ असेल तर जोड परत करायला लावा, तो "चालतंय की" म्हणेल तरी.

टेकडीपलीकडची घरं मात्र अजून राहिलीत. तिथे चर नेणं परवडत नाही म्हणून टेकडीवर खांब टाकून वायरलेस लिंक द्यायचं चाललंय, पण त्याला दोन्ही टोकं एकमेकांना दिसावी लागतात आणि मध्ये झाडं आहेत. त्यांचे सही केलेले फॉर्म आणि टेस्टचे आकडे कंपनीकडे दिलेत, सर्व्हेला माणूस येतो म्हणालेत.