फामारा: वारा सांगेल तसं

लान्झारोते या स्पेनच्या कॅनरी बेटावर जाणारे बहुतेक लोक दक्षिणेला उतरतात. तिकडे वारा कमी, ऊन जास्त आणि हॉटेलांची रेलचेल. आम्ही राहिलो वायव्येच्या किनाऱ्यावर, कालेता दे फामारा या छोट्या गावात. कारण एकच: लेकीला सर्फिंग शिकायचं होतं. फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या शाळांना आठवड्याची सुट्टी असते, लंडनहून विमान चारेक तासांत पोचवतं आणि दोन्हीकडचं घड्याळ सारखंच. आरेसिफेच्या विमानतळावरून गाडीने फामारा जेमतेम अर्ध्या तासावर आहे.

तेगीसे हे गाव मागे पडलं की रस्ता उतरू लागतो आणि समोर रिस्को दे फामारा हा कडा दिसतो. कोकणकड्याच्या पायथ्याशी समुद्र आणून ठेवला, तर जे दिसेल ते हे. तेच काळपट-तपकिरी थर, एकावर एक साचलेल्या लाव्हाचे. सह्याद्रीचा कातळ सहा कोटी वर्षांहून जुना, हा त्यामानाने तरणा, पण जात एकच. सर्वांत उंच जागी हा डोंगर ६७१ मीटर आहे. पलीकडे समुद्रात ला ग्रासिओसा बेट. वाळू मात्र काळी नाही, फिकट सोनेरी आहे. तिच्यात शंखशिंपल्यांचा चुरा भरपूर. काळ्या वाळूच्या अपेक्षेने येणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

इथला दिवस भरती-ओहोटी आणि वारा ठरवतात. ओहोटीला किनारा इतका रुंद होतो की ओल्या वाळूत अख्खा कडा उलटा दिसतो. फोटो काढायचे तर तेव्हाच. पूर्ण भरतीला गावाजवळ बसायला जागा शोधावी लागते. वारा सकाळी त्यातल्या त्यात कमी आणि दुपारनंतर असा सुटतो की पोटऱ्यांना वाळूचे चटके बसतात. म्हणून किनाऱ्यावर जागोजाग काळ्या दगडांचे गुडघाभर उंचीचे अर्धगोल आडोसे रचलेले आहेत. रिकामा आडोसा दिसला की बसायचं, उठताना दगड होते तसे ठेवायचे. छत्री नेऊ नका. आमच्या शेजाऱ्यांची छत्री उडाली आणि तिच्यामागे अर्धा किनारा धावला.

आता लाटांबद्दल. मोठ्या लाटा ऑक्टोबर ते मार्च या काळात येतात, उत्तर अटलांटिकमधल्या वादळांनी उठवलेल्या. उन्हाळ्यात लाटा लहान, पण ईशान्येचे व्यापारी वारे जोरात, त्यामुळे तेव्हा पतंगवाले काइटसर्फर जास्त. फामाराचा तळ वाळूचा आहे, म्हणून नवशिक्यांना बरा. जवळच्या ला सांतामधली एल केमाओ नावाची लाट खडकावर फुटते. ती फक्त लांबून बघायची.

गावात सर्फ शाळा ढिगाने आहेत. निवडताना एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, एवढं जरूर विचारा. बोर्ड आणि वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) बहुतेक ठिकाणी शुल्कातच मिळतो. हिवाळ्यात पाणी अठरा-एकोणीस अंशांचं असल्याने वेटसूट लागतोच. तो ओला असताना अंगातून काढणं हा वेगळाच व्यायाम आहे. पहिला अर्धा तास वाळूवरच जातो: पालथं पडायचं, हात छातीशी, एका झटक्यात उभं राहायचं. मग कंबरभर पाण्यात, लाट फुटून जो पांढरा फेस येतो त्यावर सराव. तिथे तीन गोष्टी घोकून घेतात. बोर्ड कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये धरायचा नाही. पडताना सूर मारायचा नाही, सपाट पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर. लेक दुसऱ्याच दिवशी उभी राहिली. मला "आई, तू खाली बघतेस म्हणून पडतेस" असा सल्ला मिळाला, आणि तो बरोबर होता.

नुसतं पोहायला म्हणून मात्र फामाराला येऊ नका. पाण्याला आत खेचणारी ओढ असते आणि ती वरून शांत दिसणाऱ्या पट्ट्यातच असते. लाटा फुटत नाहीत तिथे बरं असेल, हा समज घातक. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, आडवं पोहून पट्ट्यातून बाहेर पडा. लाल झेंडा असेल तर पाय भिजवण्यापलीकडे काही नाही. कड्याच्या अगदी पायथ्याशीही रेंगाळू नका, वरून दगड सुटतात.

खाण्याची चिंता शाकाहारींना वाटते तेवढी नाही. 'पापास आरुगादास' म्हणजे खारट पाण्यात सालीसकट उकडलेले, सुरकुतलेले छोटे बटाटे. सोबत 'मोहो' नावाची चटणी: लाल किंवा हिरवी, लसूण आणि चक्क जिरं घातलेली, हिरवीत कोथिंबीर. आमच्याकडे पहिली वाटी बटाटे यायच्या आधीच संपली. भाजलेलं बकरीच्या दुधाचं चीजही मोहोबरोबर सुंदर लागतं. सावध राहायचं ते 'गोफियो एस्काल्दादो'पासून. भाजलेल्या धान्याचं पीठ म्हणून निष्पाप वाटतं, पण ते बहुधा माशाच्या रश्शात कालवतात. डाळी-कडधान्यांच्या रश्श्यातही डुकराचं मांस असू शकतं, विचारून घ्या.

बेटाचं रूप इतकं साधं राहिलं, बहुमजली हॉटेलांचा सुळसुळाट झाला नाही, याचं बरंच श्रेय सेसार मानरिके (१९१९–१९९२) या चित्रकाराला जातं. त्यांच्या लहानपणीच्या सुट्ट्या फामारातच गेल्या. वारा अगदीच असह्य झाला तर तो दिवस तिमानफाया या ज्वालामुखींच्या राष्ट्रीय उद्यानाला द्या. १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं इथे उद्रेक चालू होते. आत मनासारखं भटकता येत नाही, उद्यानाच्या बसमधूनच फिरवतात. जमिनीत पुरलेल्या नळीत पाणी ओतलं की क्षणात वाफेचा फवारा उडतो. येताना ला हेरियामधून या: काळ्या राखेत खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एक द्राक्षवेल आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल भिंत. समुद्रावर माणसं जिच्याआड बसतात तीच रचना, इथे वेलींसाठी.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनमध्ये राहत असलात तरी शेंगेन व्हिसा लागतो, बेट आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ असलं तरी ते स्पेनचंच आहे. सुट्टीच्या काळात व्हिसाची भेटवेळ पटकन मिळत नाही, विमानाच्या तिकिटाआधी ती बघा. मुंबईहून येणाऱ्यांना माद्रिद किंवा बार्सिलोनामार्गे येणं सोयीचं. फामाराला बस येते, पण फेऱ्या मोजक्या, त्यामुळे गाडी घ्याच. गाडी उजव्या बाजूने चालवायची. संध्याकाळसाठी जाड जॅकेट हवं. रविवारी तेगीसेत मोठा बाजार भरतो आणि त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा त्या दिवशी लाटांवर जायचं असेल तर बाजार भरायच्या आत तेगीसे ओलांडा.