नवरंगासाठी नागझिरा: जूनमधली पक्षी-फोटोग्राफी

नवरंग पक्ष्याचा (इंडियन पिट्टा) चांगला फोटो हवा असेल तर विदर्भातल्या नागझिरा अभयारण्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जावं. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढलेले नवरंग मेच्या अखेरीस विणीसाठी इकडे येऊ लागतात. वळवाची एखादी सर पडली की नाल्यानाल्यांतून त्यांची दोन सुरांची शीळ सुरू होते. दुसरीकडे, पावसाळ्यासाठी कोअरमधलं (जंगलाच्या आतल्या, राखीव भागातलं) पर्यटन सहसा जूनअखेर बंद होतं. हाती राहतात ते मधले मोजके दिवस, आणि त्यांत ऊन अक्षरशः भाजून काढतं. दुपारी दोनला साकोलीच्या स्टँडवर उभं राहिलं की आपण हे का करतोय असा प्रश्न पडतो. सकाळी पाचला त्याचं उत्तर मिळतं.

नागपूरहून भंडारा, लाखनी करत साकोली शंभरेक किलोमीटर. तिथून पिटेझरी गेट जवळ पडतं, तर रेल्वेने गोंदिया किंवा तिरोड्याला उतरणाऱ्यांना चोरखमारा किंवा मंगेझरी सोयीचं. आम्ही पिटेझरीकडून गेलो. मुक्काम गेटबाहेरच्या गावात, जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि कैरीचं लोणचं. बुकिंग ऑनलाइन आधीच करा. उन्हाळ्यात वाघासाठी गर्दी असते.

त्या गर्दीवरूनच पहिला सल्ला: जिप्सी अनोळखी लोकांबरोबर वाटून घेऊ नका. सहाजणांपैकी चौघांना वाघ हवा असला की नवरंगासमोर गाडी दोन मिनिटंही थांबत नाही. वर एखादा विचारतो, ‘चिमणीच आहे ना?’ पक्षी बघणारेच मिळून पूर्ण गाडी घ्या आणि गेटवरच गाईडला सांगून टाका. आमचा गाईड ऐकून हसला, म्हणाला, ‘मंग तं गाडी हळू चालवा लागन जी.’ आणि खरोखर तशीच चालवली. त्या फेरीत आम्ही नेहमीच्या निम्मंही अंतर कापलं नाही.

आता उजेडाबद्दल, कारण खरी अडचण तीच. नागझिरा हे पानगळीचं जंगल. जूनच्या सुरुवातीला सागाचे उतार अजून उघडे असतात, तिथे सकाळी आठनंतर ऊन डोळ्यांत खुपतं. नाल्यात मात्र जांभूळ, अर्जुन आणि बांबूची गर्द सावली, आणि नवरंगाला हवी असते तीच. जमिनीवरचा पाचोळा उलटून किडे, गांडुळं शोधणं हा त्याचा धंदा. म्हणजे तुमचा पक्षी काळोखात आणि त्याच्या मागे दहा फुटांवर उन्हाचा पांढरा पट्टा. कॅमेरा स्वतःच्या बुद्धीने एक्सपोजर ठरवायला गेला की नवरंगाचा काळा ठोकळा होतो. मी मॅन्युअलवर राहिलो, म्हणजे सगळं स्वतः ठरवलं: अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) लेन्स देईल तितकं मोठं, शटर १/१६० ते १/२५० सेकंद आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००. बसलेल्या पक्ष्याला एवढा शटर पुरतो, कारण नवरंग दोन-चार उड्या मारून क्षणभर पुतळ्यासारखा थांबतो. बटण त्या थांब्यात दाबायचं. उड्या मारताना दाबलेले सगळे फोटो फेकून द्यावे लागतात, भले कॅमेरा सेकंदाला वीस फ्रेम काढो. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, पानांतून गाळून आलेल्या उजेडाने पोटाचा पिवळसर रंग हिरवट होतो, तो नंतर सुधारता येतो.

ट्रायपॉड जिप्सीत निरुपयोगी. लेन्स टेकवायला बीनबॅग न्या, रिकामी न्या आणि साकोलीत दोन-तीन किलो तांदूळ घेऊन भरा. परतताना तांदूळ मुक्कामाच्या घरी देता येतात. इंजिन बंद करायला सांगा. चालू इंजिनची थरथर लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनला (हादरे सावरणाऱ्या सोयीला) पूर्ण झाकता येत नाही. ४०० मिमीची लेन्स पुरते, ६०० असेल तर उत्तम. पण सावलीत एफ ४ ची (एफचा आकडा लहान, म्हणजे उजेड जास्त) छोटी लेन्स एफ ६.३ च्या लांब लेन्सला मागे टाकते, हे माझं ठाम मत.

दुसरा मानकरी स्वर्गीय नर्तक. पूर्ण वाढलेला नर पांढराशुभ्र, शेपटीला दोन लांब फिती. मादी आणि कोवळे नर तांबूस. हा पाण्यावर येतो. संध्याकाळच्या फेरीचा शेवटचा तास एकाच पाणवठ्यावर काढा, जागा बदलू नका. नर फांदीवरून झेप घेऊन पाण्यात बुडी मारतो, परत फांदीवर, परत बुडी. पांढऱ्या पिसांचा तपशील जाऊ नये म्हणून एक्सपोजर पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) खाली घ्या. बुडीचा फोटो मला मिळाला नाही. तेवढ्या उजेडात १/१६०० चा शटर मिळणार तरी कुठून. त्याच पाणवठ्यावर भृंगराज कोतवाल, हळद्या आणि शेवटी एक सर्पगरुड येऊन गेले.

एका दुपारी आभाळ भरून आलं, धुळीचं वादळ सुटलं आणि अर्धा तास पाऊस कोसळला. कॅमेरे प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून आम्ही भिजत बसलो. पाऊस ओसरला आणि एरवी सकाळ-संध्याकाळच शीळ घालणारे नवरंग भर चारला तीन दिशांनी ओरडू लागले. ढगाळ दिवस पदरी पडला तर फेरी रद्द करू नका. ऊन-सावलीची भांडणं नसलेला तो सपाट उजेड या पक्ष्यासाठी सगळ्यात चांगला.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. हा विणीचा काळ. नर हद्द राखण्याच्या नादात खाणं आणि घरटं सोडून तुमच्या स्पीकरशी भांडत बसतो. नवरंगाचं घरटं म्हणजे काटक्या-पानांचा मोठा गोळा, जमिनीवर किंवा खालच्या फांदीत. दिसलं तर गाडी पुढे घ्या, फोटो नको आणि जागा कुणाला सांगणंही नको. गोंदियाच्या धानपट्ट्यात सारस बघायला जाणार असाल तर हाच नियम; पाऊस लागला की त्यांचीही वीण सुरू होते. सारस बांधावरून, दुरून, शेतकऱ्याला विचारूनच बघा.

एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात तर लेन्सवर वाफ धरते आणि पहाटेची पंधरा मिनिटं पुसण्यात जातात. बॅग रात्री व्हरांड्यात, नाहीतर निदान एसीपासून लांब ठेवा. आणि पिटेझरीची जागा मिळाली नाही तर भंडाऱ्याजवळच्या कोका अभयारण्याचं बघा. तेही याच नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात येतं.