काळारामाच्या पूर्व दरवाजापाशी

नाशिकला आलेला माणूस रामकुंड, सीतागुंफा आणि काळाराम एकाच फेरीत उरकतो. मला यंदा फक्त काळारामाचा पूर्व दरवाजा बघायचा होता. पंचवटी कारंज्यापासून चालतच गेले. चपला काढल्या आणि आवारातली फरशी अशी पोळली की भिंतीच्या सावलीकडे धावावं लागलं. मार्चचंच ऊन होतं.

२ मार्च १९३० ला, अस्पृश्य म्हणून देवळाबाहेर ठेवलेल्या हजारोंची मिरवणूक आत प्रवेश मागत याच दरवाजावर आली. दार बंद. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका. डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाड समितीचे सचिव. गांधीजी दांडीला निघाले ते १२ मार्चला, म्हणजे नाशिकनंतर दहा दिवसांनी. शाळेत दांडी तारखेसकट पाठ करून घेतली, काळारामाचं मात्र कुणी नावही काढलं नाही. याचा मला अजून राग येतो.

९ एप्रिलला रामाच्या रथाचा दिवस. सवर्ण आणि अस्पृश्य, दोन्ही बाजूंच्या तरुणांनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं होतं. आयत्या वेळी रथ पळवला गेला, दगड आले. तरी सत्याग्रह उठला नाही; मध्ये थांबत, पुन्हा उभा राहत तो १९३५ पर्यंत चालला. अहिंसेनं समोरच्याचं मन पाघळतं असं आपण सहज म्हणून जातो. इथे ते पाघळलं नाही, दार उघडलं नाही. बाबासाहेबांनी १९३४ मध्ये गायकवाडांना लिहिलं की हा लढा मूर्तिपूजेसाठी नव्हताच. आपल्या माणसांना त्यांच्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात बळ यावं, यासाठी होता. दगड खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात येऊन बसणाऱ्या बाईला नंतर कोण दबवणार? मला अहिंसेची खरी कमाई तिथे दिसते. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं.

परतताना सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाला, उतरले. ६ मार्च २०१८ ला शेतकरी इथूनच मुंबईला पायी निघाले होते. त्यांच्या पायांच्या फोडांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून शेवटचा टप्पा, सायन ते आझाद मैदान, ते रातोरात चालले. मागण्या लेखी मान्य झाल्या. अंमलबजावणीसाठी मात्र २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांना नाशिकहून पुन्हा निघावं लागलं.