फराळाचा डबा सिटी हॉलला चालत नाही

मी टोरांटोत एका छोट्या कंपनीत आहे, सगळे मिळून नऊ जण. कचऱ्याच्या मोठ्या डब्यात बसवायचे सेन्सर बनवतो, डबा भरला की मेसेज जातो, बस एवढंच. मागच्या वर्षी बॉसच्या डोक्यात आलं की सिटीच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, पार्कांमधल्या दहा-बारा डब्यांवर ट्रायल करून दाखवू, आणि मला म्हणाला कौन्सिलरच्या ऑफिसला तू भेट, तुला बोलता येतं. मी लगेच ईमेल टाइप करायला बसले. सेंड दाबणार तेवढ्यात शेजारच्या डेस्कवरची म्हणाली, "रजिस्टर केलंयस ना?" मला वाटलं कंपनीचं रजिस्ट्रेशन विचारतेय. म्हटलं ते झालंय की कधीच.

तर तसं नाही, ती लॉबिस्ट म्हणून नोंदणी केलीस का विचारत होती, म्हणजे सरकारी लोकांकडे कंपनीच्या फायद्यासाठी शब्द टाकणारी व्यक्ती म्हणून. लॉबिस्ट म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर सूटबूटवाले, मोठ्या तंबाखू नाहीतर बिल्डर कंपनीचे लोक. पण टोरांटोच्या नियमात तुम्ही पगारी नोकर म्हणून आपल्या कंपनीसाठी कौन्सिलरशी, त्याच्या स्टाफशी किंवा सिटीच्या अधिकाऱ्याशी काही मिळवायला बोललात की तुम्ही इन-हाउस लॉबिस्ट, मग पगार कितीही असो. आणि नोंदणी आधी, बोलणं नंतर. रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार, परमिटचा साधा अर्ज, कमिटीच्या जाहीर मीटिंगमध्ये उभं राहून बोलणं, हे यात येत नाही. पण "आमचं सेन्सर ट्रायलला घ्या" हे शंभर टक्के येतं.

हे सगळं आलं कुठून तेही वाचलं, कारण फॉर्म भरताना मला राग येत होता की एवढ्याशा कंपनीला कशाला हा ताप. 1999 मध्ये सिटीने कॉम्प्युटर भाड्याने घ्यायचं कंत्राट दिलं, कौन्सिलने मंजूर केले होते 4.3 कोटी डॉलर आणि आकडा गेला जवळपास दुप्पट. मग चौकशी बसली, न्यायाधीश डेनिस बेलामी यांच्यापुढे एकेक गोष्ट निघाली, सिटीच्या लोकांना खूश करायला गोल्फ काय, हॉकीची मॅच काय, मॅच बघायला खासगी विमान काय. 2005 मध्ये रिपोर्ट आला, 241 शिफारशी. त्यातूनच 2008 मध्ये लॉबिस्टांच्या नोंदणीची ही रजिस्ट्री सुरू झाली. हे वाचल्यावर राग जरा उतरला.

फॉर्म खरंच अवघड नाही आणि फी शून्य. आधी स्वतःचं अकाउंट, मग "सब्जेक्ट मॅटर" म्हणजे कशाबद्दल बोलणार, कोणाशी बोलणार. हे रजिस्ट्रारच्या ऑफिसने मंजूर केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. माझा पहिला परत आला, कारण मी लिहिलं होतं "स्मार्ट सिटी संदर्भात चर्चा". आपल्याला असं गोलगोल लिहायची सवय असते ना. मग सरळ लिहिलं की पार्कांमधल्या कचऱ्याच्या डब्यांवर आमच्या सेन्सरची ट्रायल हवी आहे. ते मंजूर झालं. आणि हे सगळं पब्लिक असतं, कोणीही सर्च करून बघू शकतं. माझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी बघितलं आणि आठवडाभर मला "लॉबिस्टबाई" म्हणत होता.

मध्ये एक ओळखीतला कन्सल्टंट भेटला. म्हणाला मी करून देतो, आत्ता एक पैसा नको, काम झालं तर पर्सेंटेज द्या. बॉसचे डोळे चमकले. पण इथे लॉबिंगला काम झाल्यावरचं कमिशन चालत नाही, मनाई आहे, त्यामुळे त्याला चहा पाजून पाठवलं. (त्याला चहा पाजायला हरकत नव्हती, तो सिटीचा कोणी नव्हता.)

खरी गंमत दिवाळीत झाली. पहिली भेट सिटी हॉलजवळच्या कॉफी शॉपमध्ये ठरली होती, कौन्सिलरच्या स्टाफमधली एक मुलगी येणार होती. आई तेव्हा इथे आलेली, आणि आई आली की नोव्हेंबरच्या थंडीतसुद्धा घरात चकलीच्या भाजणीचा वास. तिने माझ्याकडे डबाच दिला, चकल्या, करंज्या, थोडा चिवडा, वर टिश्यू पेपर आणि रबरबँड. "रिकाम्या हाताने जाऊ नको कोणाकडे." मी म्हटलं, आई, नियमात नाही बसत, लॉबिंग करताना भेटवस्तू, जेवणखाण, ट्रिप काहीही द्यायचं नाही, किंमत किती हा प्रश्नच नाही. आई म्हणाली, "अगं चार चकल्या आणि दोन करंज्या, याला कोण लाच म्हणतं?" बाबा व्हिडिओ कॉलवर होते. ते गावी पालिकेत क्लार्क होते, दिवाळीत दारात आलेले मिठाईचे बॉक्स परत पाठवायचे. ते नुसते हसले. आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तीस वर्षं यांनी काजूकतली दारातून परत लावली, आता लेक माझा डबा परत लावते."

डबा मी घेतला, पण गाडीतच ठेवला. कॉफीच्या काउंटरवर सवयीने दोघींचे पैसे द्यायला पुढे झाले तर त्या मुलीने आधीच आपलं कार्ड मशीनवर टॅप केलं होतं, मला ओशाळल्यासारखं झालं, तिला काहीच वाटलं नाही. डबा संध्याकाळी आमच्याच ऑफिसात फस्त झाला, चिवड्याचा बारीक भुगा बॉसच्या कीबोर्डमध्ये अजून असेल.

भेट झाली की तीन कामाच्या दिवसांत ती सिस्टिममध्ये टाकायची, फोन आणि ईमेलसुद्धा. भेट गुरुवारी होती म्हणजे मंगळवारपर्यंत. मी सोमवारीच टाकली आणि खूश झाले, तेवढ्यात बॉस सहज म्हणाला, "अगं, मीही शुक्रवारी त्यांना एक ईमेल टाकला, फक्त थँक यू आणि ट्रायल जानेवारीत करूया का एवढंच." एवढंच! त्याचं स्वतःचं रजिस्ट्रेशन नव्हतं. थँक यू ठीक होतं, पुढचं अर्धं वाक्य नव्हतं. मी रजिस्ट्रारच्या ऑफिसला फोन केला आणि जे झालं ते सरळ सांगितलं, मग बॉसला शेजारी बसवून त्याचा फॉर्म भरून घेतला. पहिल्या गुन्ह्यालाच 25,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो हे त्याला तेव्हाच मोठ्याने वाचून दाखवलं, आता तो सिटीच्या कोणाला हॅलो म्हणायच्या आधीसुद्धा मला विचारतो.

ट्रायलचं अजून काही ठरलेलं नाही. या गुरुवारी पुन्हा मीटिंग आहे, मंगळवारचा रिमाइंडर लावून ठेवलाय, आणि आईला सांगितलंय की डबा करायचा तर माझ्यापुरता कर.